जाताना दहा, येताना नऊ

आप्पा गेले त्याला एक्केचाळीस दिवस झाले, आणि बेचाळिसाव्या दिवशी दुपारी चार वाजता ते पॅसेजमध्ये पुन्हा चालायला लागले.

सर तेव्हा मागच्या खोलीत नववीचे पेपर तपासत बसले होते. ‘अंतर आणि विस्थापन यांतला फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला एका पोरानं लिहिलं होतं, ‘अंतर जास्त असते, विस्थापन कमी असते, गुण दोन्हींना सारखेच असतात.’ सरांनी त्याला अर्धा गुण दिला. मग निरीक्षणशक्तीबद्दल आणखी अर्धा द्यावा का, या विचारात पेन उचललं, आणि पुढच्या दाराशी पाऊल वाजलं.

टप-धप. टप-धप. कापडी सपाता. दहा पावलं आत आली आणि थांबली. मग दाराकडे परत निघाली. धप-टप, धप-टप, अशी नऊ. नवव्या पावलाला आवाज मिटला, पंखा बंद केल्यावर मिटतो तसा.

सरांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं बायको दारात येऊन उभी राहिली. ती पोस्टात काउंटरवर बसायची. दिवसभर लोकांचं ऐकून घेऊन घरी आली की स्वतः कमीत कमी शब्दांत बोलायची.

“ऐकलंत?”

“काय?”

“जे ऐकलंत तेच.”

“खालच्यांकडे काही ठोकाठोक चाललीय वाटतं.”

“खालच्यांकडे आप्पांच्या सपाता आहेत का?” ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

सपाता खरं म्हणजे कुणाकडेच नव्हत्या. हॉस्पिटलातून आलेल्या पिशवीत एकच निघाली होती. दुसरी कुठे गेली हे विचारायला सर परत गेले नाहीत.

घर तसं साधं. नकाशा काढणाऱ्याकडे पट्टी असावी आणि बाकी कंपासपेटी हरवलेली असावी, असं. पुढचं दार, मग सोळा पावलांचा सरळसोट पॅसेज, मग आठ पावलांची मागची खोली, तिला लागून दोन पावलांची बाल्कनी, बाल्कनीला कमरेएवढा कठडा आणि कठड्यापलीकडे दुसऱ्या मजल्यावर असते तेवढी हवा. सगळं एका रेषेत. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली डाव्या हाताला, कुणीतरी मागाहून आठवण केल्यावर चिकटवल्यासारखी. अशा घरात आप्पा राहायला आले तेव्हा त्यांनी दारात उभं राहून एकदा शेवटपर्यंत नजर टाकली होती आणि म्हणाले होते, “चांगलं आहे. चालायला सोयीचं.”

आप्पा दोरखंडाच्या कारखान्यात होते. अडतीस वर्षं. तिथे तीनशे मीटर लांबीची एक शेड होती. रुंदीला मात्र दोन माणसं एकमेकांना नीट नमस्कारही करू शकणार नाहीत अशी. एका टोकाला सूत अडकवायचे आकडे लावलेलं चाक. चाकवाला चाक फिरवायचा आणि आप्पा कमरेला तागाचा गुंडाळा बांधून, आकड्याकडे तोंड करून, हातानं सूत सोडत मागे मागे चालत जायचे. सूत पिळलं जायचं, आप्पा मागे सरकायचे. शेडच्या दुसऱ्या टोकाला पोचले की टोक बांधायचं, वळायचं आणि सरळ चालत पुन्हा चाकाशी यायचं. मग पुन्हा उलटं. कारखान्यात त्यांना आणि त्यांच्यासारख्या बाकीच्यांना ‘उलटे’ म्हणत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बढती मिळाली तरी माणूस उलटाच राहायचा.

सरांनी या अडतीस वर्षांचा हिशेब एकदा फळ्यावर मांडला होता. दिवसाला अठरा फेऱ्या, फेरीला सहाशे मीटर, वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस. एक लाख पंधरा हजार किलोमीटरच्या आसपास येतात. “पृथ्वीभोवती जवळजवळ तीन चकरा!” सर म्हणायचे. वर्ग ‘ओ हो’ करायचा. “आणि संध्याकाळी भोंगा झाला की हा गृहस्थ कुठे? जिथून सकाळी निघाला तिथेच. मग विस्थापन?”

“शून्य, सर!”

“आणि विस्थापन शून्य, तर केलेलं कार्य?”

“शून्य, सर!”

वर्ग हसायचा. यातलं शेवटचं वाक्य इतकं सरळ नाही, बल कुठलं आहे ते आधी बघावं लागतं, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. पण सव्वीस वर्षं नववीला शिकवणाऱ्या माणसाला पिकलेला हशा सोडवत नाही. तो माणूस म्हणजे सरांचे वडील, हे ते वर्गाला सांगत नसत. ‘समजा, एक माणूस’ एवढंच म्हणायचे.

घरच्या शिकवणीलाही त्यांनी हाच माणूस समजायला लावला. मागच्या खोलीत दहा पोरं बसलेली, दार उघडं, आणि पॅसेजमध्ये रोजच्याप्रमाणे चार वाजता आप्पा. त्या दिवशी जेवताना आप्पांनी विचारलं, “शून्य कसं रे? दोर झाला ना?”

“दोर वेगळ्या धड्यात येतो, आप्पा,” सर म्हणाले. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि भाजीचं भांडं जरा जोरात ठेवलं. आप्पा मात्र “असेल बुवा” म्हणून जेवत राहिले.

आप्पा चालायचे तेही उलटेच. दाराकडे तोंड, आत पाठ, दोन्ही हात पोटाशी, जणू बोटांतून काही सुटतंय. शिकवणीची पोरं आधी हसली, मग सरावली. मग एक पोरगी पॅसेजमधून वाकून दप्तर उचलत होती तिच्यावर आप्पा पाठीमागून आदळले. लागलं कुणालाच नाही. पण पोरीची आई येऊन गेली. आवाज चढवला नाही, फक्त पुढच्या चाचणीत गुण कमी पडले तर कारण काय द्यायचं याची पूर्वतयारी करून गेली. दुसऱ्याच दिवशी सरांनी चपला ठेवायचा एक रॅक आणला. गुडघ्याएवढा, लोखंडी, चार खणांचा. तो पॅसेजमध्ये दारापासून दहाव्या पावलावर, भिंतीला टेकवून ठेवला. पॅसेज एवढा अरुंद की टेकवूनही तो मधेच आला. किंबहुना तो मधे यावा हाच त्याचा मुख्य गुण होता.

“आप्पा, इथे रॅक ठेवलाय हं.”

“हं,” आप्पा म्हणाले.

चार वाजता आप्पा नेहमीसारखे निघाले. पाठमोरे. डोक्याला सांगितलेलं पायांपर्यंत पोचायला वय झाल्यावर वेळ लागतो, आणि आप्पांचे पाय तर अडतीस वर्षं डोक्याला न विचारता चालले होते. खुब्याचं हाड मोडलं. दीड महिना हॉस्पिटल, मग छातीत कफ, मग संपलं.

त्या दीड महिन्यात आप्पांनी रॅकचं नाव काढलं नाही. सर जायचे, बिस्किटांचा पुडा ठेवायचे, डॉक्टर काय म्हणाले ते सांगायचे. आप्पा छताकडे बघत पडलेले असायचे, आणि मग एकदम मान वळवून विचारायचे, “मागे कोण होतं?”

“कुणी नव्हतं, आप्पा.”

आप्पा पुन्हा छताकडे बघायचे. हे तीनदा झालं. चौथ्यांदा होऊ नये म्हणून सर शेवटच्या आठवड्यात बायकोबरोबर जायला लागले. बायकोसमोर आप्पा हवापाण्याचं बोलायचे.

घरी येऊन सरांनी रॅक खाली वॉचमनला देऊन टाकला. त्यानं विचारलं, “चांगला आहे की, का काढताय?” सर म्हणाले, “जागा अडते.”

तेव्हा आता जे चार वाजता दारातून निघालं होतं ते कशासाठी निघालं आहे, याबद्दल सरांच्या मनात फारशी शंका नव्हती. पण विज्ञानाच्या माणसानं शंका नसली तरी मोजमाप करावं. दुसऱ्या दिवशी ते खडू घेऊन बसले. पुन्हा दहा आत, नऊ परत. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की पावलं दारापासून सुरू होत नाहीत. आदल्या दिवशी जिथे मिटली तिथून सुरू होतात. त्यांनी वही केली. वहीत तीन रकाने: सुरुवात, वळण, शेवट. शून्य, दहा, एक. एक, अकरा, दोन. दोन, बारा, तीन. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा आला, पण दाते हळूहळू वर चढत होते. रोज एकोणीस पावलांचं अंतर. विस्थापन एक पाऊल. खोलीच्या दिशेनं.

सरांची खुर्ची दारापासून विसाव्या पावलावर होती.

“म्हणजे अकराव्या दिवशी,” ते बायकोला म्हणाले.

“मग खुर्ची हलवा.”

“कुठे हलवू? पुढे बाल्कनीच आहे.”

“शाळेत जाऊन बसा त्या दिवशी.”

“आणि तू?”

“मी काय? मला काय विचारायचंय त्यांना? मी त्यांना रोज गरम फुलके वाढले.” आणि मग जरा मऊ होऊन, “अहो, ते तुमचे वडील आहेत. विचारतील आणि जातील.”

विचारतील याचीच तर सरांना धास्ती होती. काय विचारतील ते पाठ होतं, उत्तरही तयार होतं, खरंही होतं. कुणी नव्हतं, आप्पा. ते एकच वाक्य समोरासमोर चौथ्यांदा म्हणायला त्यांच्या जिभेला कुणीतरी गाठ मारून ठेवली होती.

त्यांनी शिकवणी सहा वाजता नेली. पोरांना कारण दिलं, उन्हाचा त्रास. एका पोरानं आकाशाकडे बघितलं. ते आठवडाभर ढगाळ होतं. वर्गात सरळ रेषेतल्या गतीचा धडा आला तेव्हा सर ‘समजा, एक माणूस’ म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, “समजा, एक गाडी.” गाडीवर कुणी हसलं नाही.

नवव्या दिवशी पावलं खोलीच्या उंबऱ्यापलीकडे दोन पावलं येऊन वळली, तेव्हा सरांनी ताईला फोन केला.

ताई सरांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, बालवाडी चालवायची, आणि सगळ्या जगाशी ते जग तीन वर्षांचं असल्यासारखं बोलायची. तिनं सगळं ऐकून घेतलं. “जेवतोस ना वेळेवर?” विचारलं. मग म्हणाली, “येते परवा.”

अकराव्या दिवशी ती साडेतीनलाच आली. चहा घेतला, भावजयीला म्हणाली, “अगं, हा वाळलाय की तूच जाड झालीयेस?” आणि पलंगाच्या कडेला मांडी घालून बसली. सरांनी खुर्ची पॅसेजकडे तोंड करून ठेवली होती. पळायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. शिवाय ताई समोर होती, पळता आलंही नसतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात, हात पुसत.

चार वाजले.

टप-धप. दहाव्या पावलावरून, रॅक होता तिथून. सरांनी खुर्चीचे हात धरले. तीन, चार. आवाज कुठल्याही घाईत नव्हता, दुपारच्या कामाचा जसा एक वेग असतो तसा होता. सहाव्या पावलाला उंबरा ओलांडला. सात. खोलीतली हवा थोडी दाटली, ताग आणि तेलाचा वास आला. लहानपणी दाराआडच्या खुंटीवरच्या आप्पांच्या सदऱ्याला यायचा तसा. आठ, नऊ. सरांनी डोळे मिटले. दहावं पाऊल त्यांच्या गुडघ्यांना लागून पडलं.

ते प्रश्नाची वाट बघत राहिले.

प्रश्न आला नाही. कपड्याची सळसळ झाली, कुणीतरी वळल्यासारखी, आणि पावलं परत निघाली. धप-टप, धप-टप. नऊ.

सरांनी डोळे उघडले. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. “काहीच बोलले नाहीत,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती आणि थोडी तक्रारही.

ताई त्यांच्याकडे बघत होती. बालवाडीत एखाद्या पोरानं बूट डावे-उजवे केल्यावर बघते तशी.

“बाळ्या, त्यांचं तोंड कुणीकडे होतं?”

“म्हणजे?”

“येताना तोंड कुणीकडे होतं त्यांचं?”

“इकडेच. माझ्याकडे येतायत म्हणजे—”

“अरे शहाण्या! आधी चवडा वाजत होता, मग टाच. ऐकलं नाहीस? टप, मग धप. पुढे चालणारा माणूस आधी टाच टेकतो. परत जाताना टाच आधी होती. ते तुझ्याकडे पाठमोरे येतायत. तोंड दाराकडे आहे. तू इथे बसलायस हे त्यांना माहीतही नाही.”

सरांनी वही उघडली. पहिल्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: आत येताना टप-धप, परत जाताना धप-टप, संभाव्य कारण, सपाता झिजलेल्या. अंतर होतं, विस्थापन होतं, वेळ सेकंदांपर्यंत होती. तोंडाचा रकाना नव्हता. धड्यातल्या वस्तूला तोंड नसतं. ती बिंदू असते. बिंदू कुठेही बघत नाही.

“मग रोज पाऊलभर पुढे का येतायत?” बायकोनं विचारलं.

“गाडा सरकतोय,” ताई म्हणाली. “दोराला पीळ चढला की दोर आखडतो. आकड्यांचं ते चाक गाड्यावर असायचं, गाडा ओढला जाऊन पुढे यायचा. आप्पांची पावलं ठरलेली. गाडा जेवढा पुढे, तेवढी मागची भिंत जवळ. आणि मागे त्यांना दिसायचं नाही, सुतावरची नजर काढता यायची नाही ना. म्हणून पाठीराखा असायचा.”

“कोण?”

“तुला काय माहीत असणार, तू एकदा आलास आणि ‘वास येतो’ म्हणून बाहेर जाऊन बसलास. प्रत्येक उलट्याच्या मागे, भिंतीशी, एक माणूस उभा असायचा. भिंत आली की पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, ‘भिंत’. बास, तेवढंच काम. मी डबा घेऊन गेले की तो पाठीराखा जेवायला जायचा आणि मी उभी राहायचे. माझ्या हाताच्या भरवशावर आप्पा बिनघोर मागे यायचे. तीनशे मीटर. एकदाही वळून बघितलं नाही.” तिनं चष्मा काढला. “त्यांच्यात पडला कुणी, तर पहिला प्रश्न तोच. ‘मागे कोण होतं?’ कुणाची पाळी होती, एवढंच.”

सरांनी ताईला हॉस्पिटलातलं कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. तिनं ऐकलं, पदरानं चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.

“आणि तू काय म्हणालास?”

“कुणी नव्हतं म्हणालो.”

“खरंच बोललास,” ताई म्हणाली. ती रागावली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

हिशेब बायकोनंच केला, बोटांवर. खोली चोविसाव्या पावलाला संपते. बाल्कनी सव्विसाव्याला. सतराव्या दिवशी दहावं पाऊल कठड्याशी, आणि अठराव्या दिवशी हवेत.

“मेलेला माणूस दुसऱ्या मजल्यावरून पडला तर काय होतं?” तिनं विचारलं.

“काय होणार?” सर म्हणाले.

“मला नाही माहीत. तुम्ही सायन्सवाले.” ती उठली. “पण मी त्यांचं पडणं एकदा ऐकलंय या घरात. पुन्हा ऐकणार नाही.”

“ताई, तू उभी राहा ना,” सर म्हणाले. “तुला सवय आहे. तुझा हात ओळखतील.”

“घर तुझं, पॅसेज तुझा, रॅक तुझा,” ताई म्हणाली. “आणि पाळीही तुझी. मी नाही.”

“मग उद्याच ठेवतो हात. खोलीतच.”

“भिंत आल्याशिवाय नाही. मधेच हात लागला तर सूत तुटतं. एकदा मी लावला होता गंमत म्हणून. आयुष्यात एकदाच ओरडले माझ्यावर.”

पुढचे सहा दिवस सरांनी माणसाला शक्य तेवढ्या पळवाटा शोधल्या. बाल्कनीचं दार लावून कडी घातली. पावलं दारातून तशीच पलीकडे गेली, आणि बंद दाराच्या काचेपलीकडे टप-धप ऐकणं उघड्यापेक्षा वाईट होतं. मग त्यांनी मोठं कपाट बाल्कनीच्या दारात सरकवता येईल का, म्हणून टेप लावून रुंदी मोजली. बायको बघत होती.

“अजून एक रॅक?” ती म्हणाली.

सरांनी टेप गुंडाळला.

मुख्याध्यापकांनी अठराव्या दिवशीच दुपारी चारला बैठक ठेवली होती. विषय, शाळेच्या मैदानावर धावण्याच्या मार्गिकांना पांढरा रंग की पिवळा. सव्वीस वर्षांत सर एकाही बैठकीला गैरहजर राहिले नव्हते. ते मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हणाले, “साहेब, मला घरी थांबावं लागेल.”

“कोणी आजारी?”

“वडील.”

मुख्याध्यापक आप्पांच्या अंत्यविधीला स्वतः आले होते. त्यांनी सरांकडे बघितलं, रजेच्या अर्जाकडे बघितलं, आणि कागदाला कागद लागलेला आहे ना एवढी खात्री करून सही केली.

अठराव्या दिवशी साडेतीनला सरांनी ताईला फोन लावला. “हात कुठे ठेवायचा?”

“मी कमरेवर ठेवायचे. माझी उंचीच तेवढी होती. तू दोन खांद्यांच्या मधे ठेव.”

“दाबायचा?”

“दाबायचा कशाला? भिंत काय दाबते का? नुसता असू दे.”

“आणि फक्त ‘भिंत’ म्हणायचं?”

“फक्त ‘भिंत’. भाषण नको, बाळ्या.” ती म्हणाली. “माफी-बिफी नको. त्यांचं लक्ष सुतावर असतं.”

सर बाल्कनीत जाऊन उभे राहिले. पाठीला कठडा लागला, लोखंड उन्हानं तापलं होतं. खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं. पाण्याचा फवारा, मग बादलीचा खणखणाट. समोर खोली, खोलीपुढे पॅसेज, पॅसेजच्या टोकाला बंद दार, आणि दाराशी बायको. ती तिथे का उभी होती ते तिनं सांगितलं नाही. त्या टोकाला चाकवाला असतो, एवढं तिनं ताईकडून ऐकलं होतं.

सरांनी उजवा हात पुढे केला. खांद्यांच्या मधे म्हणजे किती उंचीवर? आप्पा शेवटी शेवटी बुटके झाले होते. किती, ते त्यांना आठवेना. रॅकची उंची त्यांना सेंटीमीटरमध्ये पाठ होती. मोठा झाल्यापासून आपण या माणसाच्या पाठीला हात लावलेलाच नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. पाया पडताना पाय लागले होते. हॉस्पिटलात नळ्या लागल्या होत्या. पाठ नाही. त्यांनी हात जरा खाली घेतला, मग आणखी जरा.

टप-धप.

उंबऱ्याच्या एक पाऊल आत सुरुवात. सतरा पावलं मागे टाकून. एक. दोन. ताग आणि तेल. खोलीत सरांची रिकामी खुर्ची बाजूला ओढलेली होती, पावलं तिच्या शेजारून आली. चार. पाच. पंख्याखालच्या कॅलेंडरचा कागद हलला आणि बसला. सहा. सात पावलांनी खोली संपली. आठवं बाल्कनीच्या फरशीवर पडलं आणि फरशीचा सुटलेला तुकडा किंचित कुरकुरला, खरंच कुणाचं वजन पडल्यासारखा. नववं.

“भिंत,” सर म्हणाले. आवाज फुटला नाही.

दहावं पाऊल उचललं गेल्याचं त्यांना ऐकू आलं. सपातेचा तळ फरशीवरून सुटताना होतो तो बारीक आवाज. सरांनी घसा खाकरायला वेळ घेतला नाही.

“भिंत! आप्पा, भिंत!”

खालचा स्कूटर धुणारा वर बघायला लागला.

पाऊल पडलं नाही. काही क्षण काहीच नव्हतं, फक्त ऊन आणि पुढे धरलेला एक हात, ज्याचं काय करावं हे कुणाला कळू नये असा. मग तळव्याला काहीतरी लागलं. आधी घामानं ओला झालेला सुती कपडा. मग त्याखालचे मणके, एकेक. मग वजन.

ताईनं वजनाचं काही सांगितलं नव्हतं. तिच्या हाताला आप्पा नुसते लागायचे आणि वळायचे. इथे मात्र ते वळेनात. ते टेकत होते. हळूहळू, दमलेला माणूस दाराच्या चौकटीला टेकतो तसे, आधी थोडे, आणि मग चौकट धरतेय हे कळल्यावर पूर्ण. सरांचं कोपर वाकलं. त्यांनी ते ताठ केलं. कठडा कमरेत रुतला.

“अहो?” पॅसेजच्या टोकाहून बायकोनं हाक मारली. “थांबले?”

“थांबले.”

“वळले का?”

“नाही. टेकलेत.”

“किती वेळ?”

“विचारलं नाही.”

खाली स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली. तळव्याखाली पाठ वर झाली आणि खाली बसली, एकदा, दुसऱ्यांदा. श्वास घेतल्यासारखी. सरांचं कोपर पुन्हा वाकायला लागलं. हा हात फार वेळ टिकायचा नाही, हे सांगायला कुठलं सूत्र नको होतं. वजन कमी व्हायचं नाव घेत नव्हतं.

“मी येऊ का तिकडे?” बायको म्हणाली.

“तू दाराशी थांब,” सर म्हणाले. त्यांनी पाय जरा फाकवले, टाचा कठड्याच्या खालच्या गजाला लावल्या आणि दुसराही हात वर केला. पहिल्या हाताशेजारी तो कुठे बसतो हे चाचपायला त्यांना एक क्षण लागला. मग तोही टेकवला.